घरातले मासे कमी केलेत, पण रोजचं ताट 'वाराचं' वाटतंय

वायंगणी (प्रश्न)

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आधीच सांगते, शाकाहार चांगला की मांसाहार हा वाद कृपया इथे नको. आम्ही मालवणी माणसं, माशांवरच वाढलो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. प्रश्न तब्येतीचा आहे आणि त्याहून जास्त ताटाचा आहे.

आम्ही भांडुपला राहतो. घरात चौघं. मी ४६, नवरा ५१, लेक १६ (अकरावीत) आणि सासूबाई ७४. सासर मालवणजवळचं, माहेर वेंगुर्ल्याचं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे, श्रावण पाळायचा, बाकी दिवस कढी-भात आणि तळलेली तुकडी हे ठरलेलं. रविवारी मटण नाहीतर कोंबडी. लग्नाला बावीस वर्षं झाली, यात कधी बदल झाला नव्हता.

दिवाळीनंतर एका रात्री नवऱ्याच्या उजव्या पायाचा अंगठा असा सुजला की पांघरुणाचा स्पर्शही सोसवेना. युरिक ॲसिड ९.१ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि मटण, कलेजी, कोलंबी, तारली, बांगडा, बिअर यांवर हात आखडता घ्यायला सांगितला. त्याच सुमारास लेकीने मासे-मटण-अंडी सगळंच सोडलं. कारण विचारलं तर एवढंच म्हणाली, "आई, मला आता नको वाटतं." मी जास्त खोदून विचारलं नाही. मलाही गेलं वर्षभर बीपीची गोळी आहे. म्हणून जानेवारीपासून आम्ही ठरवलं की मटण-चिकन बंद, मासे बुधवारी आणि रविवारी थोडेसे, बाकी सगळं डाळी-कडधान्यं-भाज्या. दूध-दही चालू आहे.

ठरवणं सोपं होतं. आता तीन महिने झाले आणि मला रोज सकाळी भाजीची पिशवी हातात घेतली की धडकी भरते.

आमच्याकडे वाराचं जेवण म्हणजे उरकायचं जेवण. वरण, भात, बटाट्याची नाहीतर कोबीची भाजी, पापड, लोणचं. आठवड्यात तीनदा ते चालून जायचं, कारण दुसऱ्या दिवशी तुकडी असायची. आता तेच पाच दिवस. ताटाकडे बघून कुणी काही बोलत नाही, पण जेवणं पटापट आटपतात. नवरा रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडतो. लेक नूडल्स करून घेते. याला काही आहार सुधारणं म्हणत नाहीत.

सगळ्यात जास्त मनाला लागतं ते सासूबाईंचं. पहिले काही दिवस त्या ताटावर बसल्या की विचारायच्या, "आज कसलो वार गो?" मी म्हणायचे, मंगळवार. मग त्या माझ्याकडे बघायच्या आणि भात कालवायला घ्यायच्या. आता विचारतही नाहीत. अर्धा भात ठेवून उठतात. परवा शेजारणीला सांगत होत्या, "आमच्याकडे आता रोज शिवराक (शाकाहारी). पोट भरता, पण जेवल्यासारख्या वाटणा नाय." हे मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं लाटणं तसंच राहिलं. बावीस वर्षांपूर्वी याच बाईने मला बांगड्याचं तिखलं करायला शिकवलं. घरातलं स्वयंपाकघर मी त्यांच्या हातून काढून घेतलंय असं वाटायला लागलंय.

सोयाबीनच्या वड्यांचं 'मटण' करून पाहिलं. वाटप अगदी रविवारचंच होतं. कुणीच दुसऱ्यांदा घेतलं नाही, आणि मला त्यांचा राग आला नाही.

आणखी एक. ज्या मावशींकडून मी अठरा वर्षं मासे घेतले, त्या बाजाराच्या तोंडाशीच बसतात. लेकीच्या बारशाला त्या आल्या होत्या. आता मी भाजी घ्यायला मागच्या गल्लीतून जाते, कारण त्यांच्यासमोरून रिकाम्या हाताने जाववत नाही.

ज्यांनी मासे खाणारं घर असंच हळूहळू वळवलंय त्यांनी सांगा, तुम्ही रोज काय करता? नुसती पदार्थांची नावं नकोत, ताट कसं उभं करता ते सांगा. आणि लेकीला काही कमी पडत असेल का, हीसुद्धा काळजी आहे. हल्ली जिना चढताना थांबते.

---

आंबाडो

ताई, मी फोंड्याची, आता पुण्यात. आमच्या घरात मासे आणि शिवराक दोन्ही तितक्याच थाटात होतं, त्यामुळे लिहायचं धाडस करते.

सोयाबीनला मटण करायला जाऊ नका. जीभ लगेच तुलना करते आणि मग काहीही केलं तरी ते कमीच पडतं. हुमणाची (माशाच्या कढीची) चव तुम्हीच आठवून बघा. ती निम्मी माशाची आणि निम्मी रोसाची असते. ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे, हळद, आमसूल, तिरफळ. हा रोस तुमच्या हातात आहेच, त्यात काय घालायचं एवढंच बदलायचं. आमच्याकडे अळसांद्यांचं (चवळीचं) तोणाक, म्हणजे वाटपाची रस्साभाजी, पावसात अळम्यांचं (रानातल्या अळंब्यांचं) तोणाक, आणि चतुर्थीला खतखतं, म्हणजे मिसळीची भाजी. खतखत्यात तिरफळ पडलं की आमचे बाबा पाटावर बसायच्या आधीच वास घेऊन विचारायचे, झालं का म्हणून.

तिरफळाचं एक लक्षात ठेवा. आतली काळी बी काढून टाकायची, टरफलं पाण्यात हलकी चेचायची आणि शेवटी घालायची. मिक्सरमध्ये वाटपाबरोबर फिरवलीत तर कडू होतं.

आणि तळलेल्या तुकडीच्या जागी काप. निरफणस मिळाला तर उत्तम, नाहीतर सुरण, कच्चं केळं, वांगं. सुरणाचे अर्ध्या बोटाएवढे जाड काप करा, आगळ (कोकमाचा घट्ट रस) आणि मीठ घातलेल्या पाण्यात उकळी आणून जेमतेम शिजवा. आगळ कमी पडला तर घसा खाजतो, म्हणून तिथे हात राखू नका. मग हळद, तिखट, हिंग, थोडा आगळ चोळून पंधरा मिनिटं ठेवायचे. तांदळाचं पीठ आणि बारीक रवा निम्मा-निम्मा. बिडाचा तवा चांगला तापू द्या, तेल कडेने सोडा आणि एक बाजू पूर्ण लाल होईपर्यंत उलथण्याला हातच लावू नका. आपण सुरमई तळतो तसंच. तव्यावरून उठणारा वास तोच असतो, कारण तो वास बराचसा रवा-तिखट-आगळाचा असतो.

तुमच्या सासूबाईंना "जेवल्यासारख्या" वाटत नाही, कारण ताटात चावायला काही नाही, आंबट-तिखट काही नाही, कुरकुरीत काही नाही. वरण, भात, बटाटा, सगळं मऊ आणि सगळं फिकं.

---

देशमुखकाका

युरिक ॲसिड असेल तर डाळी, पालक, फ्लॉवर ताबडतोब बंद करा. माझ्या मित्राला हेच सांगितलं होतं. फक्त दुधी आणि ज्वारीची भाकरी.

---

पोषणवही

काकांचा सल्ला बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतो, म्हणून आधी त्यावर. मी तालुक्याच्या गावी सोळा वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम केलं आहे. गाऊटच्या, म्हणजे युरिक ॲसिड वाढून सांधे सुजण्याच्या आजारात, रुग्णाला डाळी पूर्ण तोडायची पद्धत जुनी आहे. डाळी-पालकात प्युरिन (ज्यापासून शरीरात युरिक ॲसिड तयार होतं) असतं हे खरं, पण मटण, कलेजी आणि काही मासे-कोलंबी यांनी गाऊटचा धोका जसा वाढताना दिसला तसा वनस्पतीतल्या प्युरिनने वाढताना दिसलेला नाही. मटण सोडलं, वर डाळीही सोडल्या तर माणूस खाणार काय? त्यापेक्षा बिअर, कोल्ड्रिंक आणि डब्यातले गोड रस यांच्यावर जास्त लक्ष ठेवा, साखरेच्या पेयांनीसुद्धा युरिक ॲसिड वाढतं. पाणी भरपूर. गोळ्या आपल्या मनाने थांबवू नका. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रमाण तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

आता ताई, तुमच्या सासूबाईंचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्या चवीचं बोलतायत असं तुम्हाला वाटतंय. मला त्यात आहारशास्त्रही दिसतं. १०० ग्रॅम बांगड्यात साधारण १९-२० ग्रॅम प्रथिनं असतात. तुमच्या वाराच्या ताटात काय आहे? ३० ग्रॅम तूरडाळीची घट्ट वाटी असेल तर साडेसहा ग्रॅमच्या आसपास, आणि पातळ वरण असेल तर त्याच्या निम्मं. बटाटा-कोबीतून नावापुरतं. म्हणजे तुम्ही ताटातून मासा काढलात आणि त्याच्या जागी भाजी ठेवलीत. माशाच्या जागी भाजी चालत नाही, उसळ लागते, आणि तीही घट्ट, वाटी भरून. रात्री दहाचं फरसाण आणि नूडल्स यांचं मूळ इथेच आहे. पोट भरतं, भूक राहते.

मोठ्या माणसाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोला ५० ग्रॅम. यासाठी एका जेवणात दोन ठिकाणाहून प्रथिनं आली पाहिजेत. उसळ आणि दही, पिठलं आणि शेंगदाण्याची चटणी, डाळ आणि पनीर, असं काहीतरी. सोयाबीनच्या वड्या कोरड्या १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या वर जातात. त्यांना मटण म्हणू नका, बारीक करून खिम्यासारख्या नव्हे, थालीपिठात किंवा भरल्या वांग्याच्या सारणात घाला, कुणाला कळणारही नाही.

लेकीचं लांबणीवर टाकू नका. वय १६, मासिक पाळी सुरू, मासे-अंडी बंद आणि जिन्यात दम. हिमोग्लोबिन आणि बी-१२ दोन्ही तपासा. बी-१२ वनस्पतींमधून भरवशाने मिळत नाही. ताक, इडली, मोड आलेली कडधान्यं, स्पिरुलिना यांची नावं तुम्हाला लोक सांगतील. दूध-दह्यातून थोडं मिळतं, बाकीच्यांवर विसंबू नका. कमी निघालं तर डॉक्टर गोळी देतील, ती घ्यायची, त्यात कमीपणा काही नाही. लोहासाठी अळीव, कडधान्यं, पालेभाज्या, आणि त्यावर लिंबू पिळणं विसरायचं नाही. लिंबू-आवळ्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा ते अडवतो. तिचा चहा जेवणापासून तासभर लांब ठेवा. कडधान्यं भिजवून मोड आणून वापरलीत तर तेही लोहाच्या फायद्याचं.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. सासूबाईंना काही आजार नसेल तर त्यांचे मासे काढून घेऊ नका. सत्तरीनंतर स्नायू झपाट्याने झडतात. अर्धा भात ठेवून उठणारी ७४ वर्षांची बाई ही मला तुमच्या नवऱ्याच्या अंगठ्यापेक्षा जास्त काळजीची गोष्ट वाटते. घरात चौघांना चार तऱ्हेची गरज आहे. त्यांना रोज दोन तुकड्या तळून द्या. गेल्या तीन महिन्यांत त्यांचं वजन किती कमी झालंय ते बघा.

---

वायंगणी

पोषणवही, काल रात्रीच सासूबाईंना वजनकाट्यावर उभं केलं. गणपतीत ५२ होत्या, आता ४८.५. मी रात्रभर झोपले नाही.

आज सकाळी पुढच्या गल्लीतून गेले. मावशींनी मला बघून पाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "ताई, आजारी होतीस का गं?" मला काही बोलताच येईना. सगळं सांगितलं त्यांना. म्हणाल्या, मग म्हातारीपुरतं ने ना, अर्धा पापलेट पण देईन, अठरा वर्षं गिऱ्हाईक आहेस. दोन छोटे पापलेट घेतले. दुपारी सासूबाईंनी भात परत मागितला.

आंबाडो, सुरण आणलाय. लेकीचे रिपोर्ट शनिवारी येतील.

---

कारळं

आम्ही अमरावतीचे, त्यामुळे मासे हा आमच्याकडे कधीतरीचा प्रकार. पण रविवारच्या मटणाची जागा आमच्या घरात पाटवडी रस्स्याने घेतली आणि ती टिकली, म्हणून सांगतो. बेसन शिजवून ताटाला थापायचं, वर खसखस-खोबरं, वड्या पाडायच्या. रस्सा मात्र पूर्ण मटणाचा, काळ्या मसाल्याचा, वर तर्री आलेला. वड्या आयत्या वेळी सोडायच्या, नाहीतर विरघळतात. माझे वडील हाडाचे मटणवाले, त्यांनी या रस्स्यात भाकर चुरून खाल्ली आणि काही विचारलं नाही.

माशांचं ओमेगा-३ सुटलं म्हणून कुणी जवस सांगेल. जवसाची चटणी आम्ही रोज खातो आणि ती खाच. पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या जातीचं असतं, शरीर त्यातलं थोडंच माशासारखं करून घेतं. जवस भाजून कुटूनच खा, अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो.

---

वायंगणी (सात आठवड्यांनी)

उशीर झाला, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

लेकीचं हिमोग्लोबिन ९.८ आणि बी-१२ १६० निघालं, दोन्ही कमीच. तिने मासे सोडून काही महिनेच झाले होते, म्हणजे हे आधीपासूनचंच असणार. डॉक्टर म्हणाले की बी-१२चा साठा असा चार-सहा महिन्यांत संपत नाही. माशाच्या घरात वाढलेली मुलगी, मला हे कधी तपासावंसंच वाटलं नाही. आता दोन्ही गोळ्या सुरू आहेत आणि ती स्वतःच लिंबू कापून घेते.

सासूबाईंना रोज मासा सुरू केल्यावर घरातली हवाच बदलली. त्यांच्यावरची सक्ती गेली आणि त्यांचं आमच्या ताटाकडे लक्ष गेलं. एक दिवस मी काळे वाटाणे कुकरला लावत होते तर आत आल्या. म्हणाल्या, "वाटप माका दाखव." स्टुलावर बसून त्यांनी कांदा-खोबरं स्वतः भाजायला घेतलं. मी गॅस बंद करायला गेले तर माझा हात धरला, "वायच थांब, लाल होऊंदे." खोबऱ्याला कडेने तेल सुटलं, रंग सुक्या नारळाच्या शेंडीसारखा झाला, तेव्हा कुठे धणे पडले. मी इतकी वर्षं ते दोन मिनिटं आधी उतरवत होते. आणि वाटाणे मुठीने नव्हे, त्यांनी अर्धा किलो भिजवायला लावले होते. त्यातले ओंजळभर शिजलेले वाटाणे वाटपाबरोबरच वाटले, त्याने सांबार दाट झालं. आंबोळ्या मी घातल्या. नवऱ्याने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि त्या रात्री डबा उघडला गेला नाही.

त्या दिवसापासून त्या बोलत्या झाल्या. १ जूनला मासेमारी बंद झाली, ३१ जुलैपर्यंत मोठ्या बोटी जात नाहीत, तर म्हणाल्या, आमच्या लहानपणी सरकारने बंदी घालायची गरज नव्हती, मिरगाचा पाऊस लागला की होड्या वर ओढून झापांनी झाकायचे. दोन महिने मग काय खायचे? थोडं सुकं असायचं, पण रोज पुरायचं नाही. सकाळी कुळथाची पिठी आणि उकडा भात. आगोटीला (पावसाच्या तोंडावर) चिखलात घोळून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या, त्या काढायच्या आणि वालात घालायच्या. टाकळा, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला. आणि दर दोन दिवसांनी काळे वाटाणे. शेतात लावणीला वाकणारी माणसं, दोन महिने यावरच राबायची. मी विचारलं, मग हे आपल्या घरात वाराला का नाही झालं कधी? तर म्हणाल्या, मुंबईत आलो तेव्हा दोन पाळ्यांत गिरणी, वाराच्या दिवशी कुणाला वेळ होता वाटाणे शिजवायला, वरण-भात लवकर व्हायचा. मी हे कधी विचारलंच नव्हतं. मी त्यांच्याकडून फक्त मासे शिकले.

आता आमचं ताट साधारण असं आहे. एक घट्ट उसळ किंवा पिठी, एक काप, एक पालेभाजी, भात थोडा कमी, सोलकढी. नारळ मी मोजून वापरते, सोलकढीला घातला त्या दिवशी उसळीला कांद्याचंच वाटप. सुरणाचे काप दुसऱ्या खेपेला जमले, पहिल्या वेळी आगळ खरंच कमी पडला होता. पाटवडी रस्सा दोन रविवारी झाला. बुधवारी आणि रविवारी आमच्या दोघांना एकेक तुकडी. नवऱ्याचं युरिक ॲसिड ६.४ आहे, त्यात गोळीचा वाटा मोठा आहे हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि मला ते मान्य आहे. सासूबाई ५० वर आल्यात.

देशमुखकाका, तुमच्या मित्राला डाळींबद्दल पुन्हा एकदा डॉक्टरांशी बोलायला सांगा, मनापासून सांगते.

एक विचारायचं राहिलं. भांडुप-मुलुंड-ठाणे या भागात भारंगीचा कोवळा पाला कुठे मिळतो? सासूबाईंनी या आठवड्यात दोनदा नाव काढलं. आमच्या बाजारात टाकळा येतो, भारंगी दिसली नाही.